साकव, पूल आणि सेतू



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, गोमंतकातील मराठी वृत्तपत्रांवर बोलणे झाले. यंदा मी महामार्ग आणि पूल हा विषय सुचवला, तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी हसत विचारले, "हा विषय बांधकाम खात्याचा की साहित्य संस्थेचा?" मी म्हटले, दोघांचाही. पेडण्याची मुलगी काणकोणात दिली तर तिला माहेरी येताना शापोरा, मांडवी, झुआरी या नद्या ओलांडाव्या लागतात. आपल्याकडे नाते सांभाळायचे म्हणजे नदी ओलांडायची. ती कशावरून ओलांडतो, आणि ज्यावरून ओलांडतो ते धड आहे का, हा प्रश्न घरातलाच आहे.

आजच्या विषयासाठी मी तीन शब्द घेतले आहेत : साकव, पूल आणि सेतू.

साकव तुमच्यातील पांढऱ्या केसांच्या सर्वांना आठवत असेल. व्हाळावर माडाचे किंवा पोफळीचे दोन-तीन सोट आडवे टाकायचे, हाताला आधार म्हणून बांबू बांधायचा, झाला साकव. पावसाळ्यात तो वाहून जाई किंवा कुजे. पाऊस सरला की वाड्यावरची माणसे जमत आणि पुन्हा घालत. साकवाला उद्घाटन नव्हते. पण त्याची एक गोष्ट मोठी होती. ज्याला त्यावरून जायचे असे, तोच त्याची तपासणी करी. पाय ठेवण्यापूर्वी सोट दाबून पाहिला जाई. एखादा कुजला असेल तर संध्याकाळपर्यंत साऱ्या वाड्याला कळे.

पूल आला तेव्हा ही तपासणी आपल्या हातून गेली. ती खात्याकडे गेली, आणि ते योग्यच होते, कारण काँक्रीटचा खांब पायाने दाबून तपासता येत नाही. आता पुलाचाही सेतू झाला आहे. नाव संस्कृत, उंची मोठी, रात्री रंगीत दिवे. साकव ते सेतू ही प्रगती खरी आहे, आणि ती नाकारायला मी उभा राहिलेलो नाही. तेव्हा आधी तिचाच हिशेब मांडतो.

पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि पोळ्याला कर्नाटकात जातो. पूर्वी याच रस्त्याच्या बऱ्याच भागाला आपण 'सतरा नंबर' म्हणत होतो, अजूनही म्हणतो. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यावर जेवढे बांधकाम झाले, तेवढे मुक्तीनंतरच्या कुठल्याही काळात झाले नसावे. मांडवीवरचा तिसरा पूल, म्हणजे अटल सेतू, २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला. जोडरस्त्यांसह त्याची लांबी ५ किलोमीटरच्या थोडी वर आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर नाकात नळी असताना त्या समारंभाला आले होते, हे दृश्य आपण कोणी विसरलेलो नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते गेले. झुआरीवरच्या नव्या पुलाच्या पहिल्या चार मार्गिका २९ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्या, उरलेल्या चार डिसेंबर २०२३ मध्ये. त्याला 'मनोहर सेतू' नाव दिले गेले. नदीवरचा त्याचा मधला गाळा ३६० मीटरचा आहे. दोन खांबांमध्ये एवढे अंतर, आणि मधला सारा भार तिरप्या तारांवर तोललेला. दक्षिणेकडे काणकोणच्या बगलमार्गाने तळपण आणि गालजीबाग या नद्यांवर पूल दिले. पर्वरीला सुमारे ५ किलोमीटरचा उन्नत मार्ग उभारण्याचे काम काढले गेले.

यातून काय मिळाले, हे कुठ्ठाळीच्या रांगेत तासन्‌तास गाडीत बसलेल्या कुणालाही विचारा. जुन्या झुआरी पुलावर एक गाडी बंद पडली की अर्ध्या गोव्याचे घड्याळ बंद पडे. विमान चुकले, परीक्षा चुकली, मडगावचा नाटकाचा प्रयोग तासभर उशिरा सुरू झाला. रुग्णवाहिका अडकली की पुढचे सांगवत नाही. नवा पूल झाला आणि यातले बरेचसे सरले. हे ऋण मान्य करूनच मी पुढे जातो.

आता एक जुनी तारीख. ५ जुलै १९८६. मांडवीवरचा पहिला पूल, नेहरू पूल, त्या दिवशी कोसळला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो वाहतुकीला खुला झाला होता. म्हणजे तो जेमतेम दीड दशक जगला. मी तेव्हा पणजीला महाविद्यालयात जात होतो आणि घर नदीच्या पलीकडे, पर्वरीच्या बाजूला. आदल्याच दिवशी मी बसने त्या पुलावरून आलो होतो. खिडकीतून मांडवी पाहिली, होड्या पाहिल्या, पूल पाहिला नाही. पुलावरून जाताना पूल कोण पाहतो? नंतर बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी भर पावसात छत्र्यांची रांग लागली. ज्या पिढीने पुलापूर्वीचे दिवस काढले होते, ती त्या रांगेत निमूट उभी होती. चिडचिड आम्हा तरुणांची होती, कारण पूल नसतो हे आम्हाला माहीतच नव्हते. १९९२ मध्ये नवा पूल येईपर्यंत ती सवय आम्हालाही झाली.

तो पूल का पडला? त्याचे उत्तर आपल्या हवेत आणि पाण्यात आहे, म्हणून ते थोडे समजावून घेऊ. काँक्रीट दाब सोसते, ओढ सोसत नाही. ओढ सोसायला आत पोलाद लागते. लांब गाळ्यांच्या पुलात पोलादी तारा आधीच जोराने ताणून काँक्रीटमध्ये अडकवतात. त्या तारा काँक्रीटला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात, पोथ्यांची चळत दोन तळहातांत दाबून उचलावी तसे. तळहात सैल पडले की मधल्या पोथ्या खाली. आता आपल्या नद्या पाहा. मांडवी, झुआरी, शापोरा या समुद्राजवळ भरती-ओहोटीच्या नद्या. त्यांचे पाणी खारे, वारा खारा, चार महिने पाऊस, बाकीचे महिने दमट ऊन. मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपते आणि पोलादापर्यंत पोचते. गंज चढलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेते, त्यामुळे आतूनच काँक्रीट फुटते, चिरा पडतात, चिरांतून आणखी पाणी जाते. ताणलेल्या तारा ज्या नळ्यांतून जातात, त्या नळ्या सिमेंटच्या लगद्याने नीट भरल्या नाहीत, कुठे पोकळी राहिली, तर तिथे तार गंजते आणि वरून काही दिसत नाही. नेहरू पुलाच्या बाबतीत तारांना लागलेला हाच गंज मोठे कारण ठरला. जे बाहेरून दिसत नाही, ते मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. पुलाची तपासणी म्हणजे हे शोधणे.

नेहरू पूल ही एकट्याची गोष्ट असती, तर मी आज हा विषय घेतला नसता. ७ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे, एकच्या सुमारास, कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. आपल्यापैकी कितीजणांचे आजोळ, सासर, कुलदैवत त्या बाजूला आहे! सदाशिवगड आणि कारवार यांना जोडणारा तो पूल चाळीस वर्षांचा झाला होता. शेजारी नवा पूल बांधला गेला होता, पण एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. पुलाबरोबर एक ट्रक नदीत गेला. चालकाला लोकांनी आणि पोलिसांनी वाचवले. हाच पूल सकाळी आठला पडला असता तर? पुढच्याच वर्षी, ९ जुलै २०२५ रोजी, सकाळी, बडोदा जिल्ह्यात महीसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला. तिथे नशीब आड आले नाही, वाहने नदीत पडली आणि माणसे गेली. बडोद्याच्या आपल्या मराठी मंडळींना तो रस्ता ओळखीचा आहे. तो पूल १९८५ चा.

काळी नदीचा पूल ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचा, गंभीराचा १९८५ चा, आपला जुना झुआरी पूल १९८३ चा. झुआरीच्या जुन्या पुलावर दोष दिसल्यावर अवजड वाहनांना वर्षानुवर्षे बंदी होती आणि ती बोरीमार्गे वळवली जात. म्हणजे तिथे तपासणी झाली, दोष वेळेत दिसला, भार कमी केला गेला. त्या बंदीला आपण किती शिव्या दिल्या! आज मागे वळून पाहताना वाटते, ती बंदी घालणाऱ्याचे आभार मानायला हवे होते. एका काळात बांधलेल्या पुलांची एक पिढी असते. त्या पिढीने चाळिशी ओलांडली आहे. माणसाला चाळिशी लागली की चष्मा लागतो, रक्ताची तपासणी सुरू होते. पुलाला ती लागली आहे, हे आपल्यापैकी कुणाच्या मनातही येत नाही.

इथे कुणी म्हणेल, जुने दगडी काम बघा, ते पडत नाही. पणजी-रायबंदरचा बांध, ज्याला पोर्तुगीज काळापासून 'पोंते द लिन्यारेस' म्हणतात, तो कोंद द लिन्यारेस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत १६३३-३४ साली बांधला गेला. सुमारे ३ किलोमीटर लांबीचा, जांभ्या दगडाचा. आजही त्यावरून गाड्या जातात. त्याच्यात गंजायला पोलाद नाही आणि त्याचे दगड फक्त दाब सोसतात, हे त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण. पण दगडालाही अमरपट्टा नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. अंधारात दोन एसटी बसगाड्या नदीत गेल्या. आपल्याच सतरा नंबरवर. त्या रात्री मुंबईला निघालेल्यांत कोकणातील अनेक घरांची माणसे होती.

त्या दुर्घटनेनंतर जे घडले त्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत बांधला गेला आणि जून २०१७ मध्ये, पुढचा पावसाळा तोंडावर असताना, सुरू झाला. म्हणजे यंत्रे होती, पैसा होता, कारागीर होते, निर्णय घेणारे होते. आणि त्याच रस्त्यावर पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि एका तपाहून अधिक रेंगाळले. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या परवानग्या, बदललेले ठेकेदार, अशी त्याची कारणे सांगितली गेली आणि त्यांत तथ्यही आहे. दरवर्षी 'गणपतीआधी' हा वायदा ऐकून चाकरमानी खड्ड्यांतून गावी आले. कशेडी घाटातल्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणपतीला खुली झाली, तेव्हा लोकांनी तिथे गाड्या थांबवून फोटो काढले. मृत्यू झाला की १६५ दिवस पुरतात, आणि न झाला तर बारा वर्षे पुरत नाहीत, असा या दोन आकड्यांचा अर्थ निघतो. तो कुणा एका खात्यावर आरोप नाही. आपण, समाज म्हणून, कशाने हलतो आणि कशाने हलत नाही, हे त्यातून दिसते.

रस्त्याच्या किमतीबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. बोरीला नवा पूल हवा यावर फारसे दुमत नाही. पण त्याच्या आखणीला लोटलीच्या खाजणातील शेतकऱ्यांनी विरोध केला. खाजण म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली शेती. मानशीच्या दारातून भरतीचे पाणी हिशेबाने आत घ्यायचे आणि ओहोटीला सोडायचे, ही विद्या आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे सांभाळली. तिच्या मधोमध भराव पडला तर पाण्याची वाट मोडते. पर्वरीला उन्नत मार्गासाठी खाप्रेश्वराचा वड मूळ जागेवरून उपटला गेला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात त्याला नमस्कार केला नव्हता, त्यांच्याही पोटात कालवले. पेडण्यात मालप्याला डोंगर कापला आणि पावसात माती रस्त्यावर आली. अटल सेतूवर सुरुवातीपासून दुचाकींना मज्जाव झाला, आणि गोव्यात तर कामावर जाणारा माणूस दुचाकीवरच असतो. ही यादी मी रस्ते नकोत म्हणून देत नाही. किती किलोमीटर झाले, या एकाच मापाने प्रगती मोजली की यातले काहीच मापात येत नाही, एवढेच सांगायचे आहे.

मग माप कोणते लावायचे? पुलाचे उद्घाटन हा त्याचा जन्म. आपण जन्मपत्रिका फार थाटाने मांडतो : खर्च किती, लांबी किती, फीत कुणी कापली, नाव कुणाचे. त्यानंतरच्या आयुष्याची नोंद आपल्याकडे नाही. हल्ली महत्त्वाचे पूल शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी आखले जातात. म्हणजे नव्या झुआरी पुलाची देखभाल आपले पणतू करणार आहेत. तारांवर तोललेल्या पुलाच्या तारा बदलता येतात, तशी सोय त्यात केलेली असते. पण कुठली तार थकली हे कुणीतरी पाहावे लागते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातील पुलांची एकत्र नोंद करायला घेतली आणि दीड लाखाहून अधिक लहानमोठे पूल व मोऱ्या त्या यादीत आल्या. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पुलांची पाहणी करायची, हा जुना दंडक आहे. तो पाळला गेला का, हे विचारणारे मात्र कुणी लागते.

आणि इथे, अध्यक्ष महोदय, मी माझा विषय साहित्य संस्थेच्या दारात आणून सोडतो.

१९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराला जी जागा मिळाली, तिच्यासाठी या संस्थेसारख्या संस्थांनी काय काय केले, हे तुम्ही जाणता. सभा झाल्या, ठराव झाले, घराघरांत वाद झाले, जिवाभावाचे मित्र दुरावले. मी एक साधा प्रश्न विचारतो. त्या मराठीत आपण पुलाबद्दल किती अर्ज लिहिले? मी स्वतः एकही लिहिलेला नाही. संमेलनाच्या अनुदानासाठी लिहिले, सभागृहासाठी लिहिले, रस्त्याला साहित्यिकाचे नाव द्यावे म्हणूनही लिहिले. ज्या पुलावरून चाळीस वर्षे गेलो-आलो, त्याच्या सांध्यातून पाणी गळते, हे दोन ओळींत कळवले नाही. भाषा राजव्यवहारात हवी असे आपण म्हणतो, पण तिला व्यवहाराचे काम देत नाही. मग ती समारंभाची भाषा होऊन बसते, आपल्या पुलांसारखी : उद्घाटनाला झगमगाट, नंतर देखभाल नाही.

म्हणून या संस्थेने एक वही सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. तिला 'पुलांची वही' म्हणा. आपल्या गावच्या पुलाबद्दल प्रत्येक सभासदाने दोन पाने लिहून द्यावीत. पूल होण्यापूर्वी नदी कशी ओलांडत होतात? नवरी कशी पार नेली, आजारी माणूस कसा नेला, दशावताराच्या पेट्या कशा यायच्या? पूल कधी झाला, काय बदलले, कुणाची शेती गेली, कुणाची होडी बंद पडली? हे लिहिणारी पिढी अजून आपल्यात आहे, पण फार वर्षे नसेल. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या भागात, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, त्या पुलावरून पायी चालून जे दिसेल ते तारखेसह लिहावे. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. पाणी वाहून जाण्याची भोके मातीने बुजली आहेत का, सांध्यावरून गाडी जाताना पूर्वी न होणारा आवाज होतो का, काँक्रीटवर गंजाचे तांबूस ओघळ आहेत का, कठड्याखालचा तुकडा निखळून आतली सळी दिसते का, एवढेच पाहायचे. ते मराठीत लिहून संबंधित खात्याला द्यायचे, पोच घ्यायची आणि प्रत वहीत लावायची. दोष खरा आहे की नाही, हे ठरवणे त्यांचे काम. पाहणे आणि कळवणे आपले.

काल इथे येण्याची तयारी करताना मी आमच्या वाड्याजवळच्या लहान पुलावरून चालत गेलो. तिथे कठड्याच्या बुडाशी, सांध्यात, पिंपळाचे रोप उगवले आहे. वीतभर उंच, चार पाने. दिसायला गोजिरे. पिंपळाचे मूळ काँक्रीटमध्ये शिरले की काय करते, हे तुम्हाला सांगायला नको, आपल्या जुन्या देवळांच्या भिंती ते सांगतात. मी त्या पुलावरून रोज स्कूटर घेऊन जातो. ते रोप तिथे निदान एक पावसाळा तरी काढून बसले आहे, आणि मी ते काल पहिल्यांदा पाहिले.

त्याबद्दलचा अर्ज मी आज सकाळी लिहिला. वहीचे पहिले पान म्हणून त्याची प्रत अध्यक्षांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.